शिरेतली नळी आणि घरची राखण

चकलांब्यातल्या एखाद्या लहान मुलाला रक्ताचा कर्करोग झाला, तर त्याला छत्रपती संभाजीनगरला किंवा मुंबईच्या टाटा रुग्णालयात न्यावे लागते. उपचार चालतो दोन-अडीच वर्षे. सलाईन, रक्त, बरीचशी औषधे, सारे शिरेतून. मुलाच्या हाताच्या शिरा तर बारीक. टोचून टोचून त्या निकामी होतात. शिवाय काही औषधे इतकी दाहक, की शिरेबाहेर सांडली तर भोवतालचे मांस जळते. मग करावे काय?

यावर उपाय म्हणजे मोठ्या शिरेत कायमची वाट. ब्रोव्हियाक यांनी १९७३ साली अशी नळी पुढे आणली. मुलाला भूल देऊन ती मानेजवळच्या मोठ्या शिरेत घालतात. टोक हृदयाच्या उंबरठ्यावर ठेवतात, कारण तेथे रक्ताचा ओघ मोठा; औषध क्षणात पातळ होते. दुसरे टोक कातडीखालून सरकवून छातीवर बाहेर काढतात. कातडीखालच्या भागात नळीला कापडी पट्टी असते. काही आठवड्यांत तिच्यात मांस रुजते. नळी निसटत नाही आणि जंतूंची वाट अडते. दुसरा प्रकार 'पोर्ट'चा. यात छोटी डबीच कातडीखाली बसवतात. बाहेर काही लोंबत नाही; औषधाच्या वेळी खास सुई तिच्यात टोचायची.

पण लक्षात घ्या, ही वाट औषधाला उघडी तशी जंतूंनाही उघडी. म्हणून नळीला हात लावण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत. तोंड स्पिरिटने चोळून पुसावे व वाळू द्यावे. बाहेरची नळी अंघोळीत भिजवू नये. जवळ कात्री नको. नळी तुटलीच, तर तुटल्या जागेच्या अलीकडे, मुलाच्या बाजूला, चिमटा लावून तडक रुग्णालय गाठावे. नळी वापरात नसली तरी रुग्णालय सांगेल त्या अंतराने ती धुऊन घ्यावी लागते. नाहीतर आत रक्त गोठते.

आणि ताप? १००.४ अंश फॅरनहाइट ताप किंवा थंडी भरली, की सकाळची वाट पाहू नये. ताप उतरवणारी गोळी देऊन निजवणे म्हणजे घात. रात्रीच निघावे, आणि पोचताच 'मुलाला नळी आहे' हे आधी सांगावे.

आपल्या गेवराई भागातली कित्येक कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. फडावरच्या कोपीत ना नळाचे पाणी, ना ओळखीचा डॉक्टर. तेव्हा मुकादमाशी बोली करण्याआधी डॉक्टरांशी बोला. आम्ही सहा महिने बाहेर असतो, हे लाजू नका, स्पष्ट सांगा. त्यावरूनच नळी की पोर्ट, हे ठरवणे त्यांना सोपे जाते. नळी बसवतो डॉक्टर; पण ती राखते आई.