धार दगडाची, कोन सांध्याचा

अकलोलीला बाहेरचे लोक येतात ते तानसा नदीकाठच्या गरम पाण्याच्या कुंडांसाठी. पण वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या या पट्ट्यात कमरेच्या आकडीत कोयता अडकवून रानात जाणारी माणसंही भेटतात. तो कोयता साध्या दगडावर पाजवतात, आणि कोन सांभाळतं ते मनगट. ज्यांचं मनगट इतकं तयार नाही, त्यांच्यासाठी कोन धरून ठेवणारा धारसंच निघाला.

यंत्र म्हणावं एवढा त्याचा पसारा नाही. सुरी पकडणारा चिमटा, गुळगुळीत पोलादी दांडी, तिच्याबरोबर मागेपुढे होणारा दगड आणि दांडीचा टेकू असलेला सांधा. अमेरिकेतल्या ‘लॅन्स्की’च्या नेहमीच्या संचात चिमट्यालाच १७, २०, २५ आणि ३० अंशांची भोकं असतात. दांडी ज्या भोकात घालाल, तो कोन मिळतो. महागड्या संचांत भोकाऐवजी गोळीचा सांधा असतो. कोयत्यासाठी यातलं काहीच कामाचं नाही. जाड, वाकडं पातं चिमट्यात नीट बसत नाही आणि लाकूड तोडायला पाव अंशाचा हिशेब लागतही नाही. विळीचं तर नावच नको, तिचं पातं पाटालाच ठोकलेलं. हा संच खरा स्वयंपाकघरातल्या सुरीचा.

संच घेणारे दगडांवर भरभरून बोलतात. सांध्याकडे कुणी बघत नाही. वास्तविक मनगटाचं काम तोच करतो. सांध्यापासून पातं २० सेंटिमीटरवर असेल आणि सांधा १ मिलिमीटर हलत असेल, तर कोन साधारण ०.३ अंशानं सरकतो. दर फेऱ्याला दगड थोडा वेगळा टेकतो, धार गोलसर होते आणि खापर दगडावर फुटतं.

सांधा झिजतो कशानं? बरेचदा आपल्याच तेलानं. धार लावताना लोखंडाचा बारीक कीस आणि दगडाची भुकटी उडते. दांडीवर गाडीचं घट्ट ग्रीस फासलेलं असेल तर हे सगळं त्यात रुततं आणि घासायचं मलमच तयार होतं. म्हणून पुसणं आधी, तेल नंतर. कोरड्या फडक्यानं कीस काढायचा, स्पिरिटनं दांडी पुसून वाळू द्यायची, मग शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब, आणि तोही पुन्हा पुसून घ्यायचा. डोळ्यांना तेल दिसलं तर ते जास्त झालं. धूळ फार असेल तर सुकून पातळ थर ठेवणारं कोरडं वंगण बरं. खोबरेल नको. ते २४ अंशांच्या आसपास थिजतं आणि दिवाळीनंतरच्या सकाळी दांडी अडकायला लागते.

चिमट्याच्या स्क्रूच्या आट्यांना थेंबभर तेल चालतं. जबड्यांना मात्र ते अजिबात लागता कामा नये. पातं निसटलं की पुढे बोट असतं. सांध्यात रबर किंवा प्लास्टिक असेल तर तिथे सिलिकॉनचं वंगण वापरावं, कारण खनिज तेलानं काही रबरं फुगतात.

दगडांचा संसार वेगळा. पाण्याच्या दगडाला तेल पाजलं की त्याची छिद्रं बुजतात. हिऱ्याची पट्टी साबणाचं पाणी आणि जुना दातांचा ब्रश यांनी साफ होते. पाणी नळाचं घ्यावं, कुंडाचं नको. कोकणातल्या या उष्ण झऱ्यांच्या पाण्यात क्लोराइडचे क्षार असतात, अंगाला ते मानवत असेल, लोखंडाला नाही.

खरा शत्रू पावसाळा. संचाबरोबर येणाऱ्या पेटीतला स्पंज ओल धरून ठेवतो आणि दांडीवर तांबूस ठिपके उठतात. गंजाचा एक खडबडीत ठिपकासुद्धा सांध्याचं भोक मोठं करायला पुरेसा असतो. जूनच्या आधी दांड्या पेटीतून काढाव्यात, तेलाचा हलका हात फिरवून कोरड्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवाव्यात, आणि पुन्हा वापरायला घेताना तो हात आधी पुसून टाकावा.