लेझरने चष्मा घालवण्याआधी

भरतीचा अर्ज भरायचा असतो, लग्न ठरायचे असते, मग मुले-मुली आम्हाला विचारतात, "ताई, लेझरने चष्मा घालवू का?" आम्ही नको म्हणत नाही. बहुतेकांना या शस्त्रक्रियेनंतर चांगले दिसते. पण आधी कॉर्निया नीट तपासून घ्या, एवढे मात्र सांगतो.

कॉर्निया म्हणजे डोळ्याच्या पुढचा पारदर्शक पडदा. मध्यभागी तो जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो. लॅसिकमध्ये त्याचा वरचा थर उचलून खालचा काही भाग लेझरने काढतात. उणे नंबर जितका मोठा, तितका पडदा जास्त पातळ होतो. मुळातच तो कमकुवत असेल, तर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुढे फुगतो. याला एक्टेशिया म्हणतात. नंबर पुन्हा वाढतो, दिवे फाकलेले दिसतात, चष्म्यानेही स्पष्ट दिसत नाही.

म्हणून पॅकिमेट्री (जाडी) आणि टोपोग्राफी (आकार) या दोन्ही तपासण्यांचे रिपोर्ट मागून घ्या. वय १८ पूर्ण हवे, नंबर वर्षभर स्थिर हवा. डोळे चोळण्याची सवय असेल, घरात कुणाला केराटोकोनस असेल, तर लपवू नका. "तुम्हाला लेझर नको" म्हणणारे डॉक्टर तुमचे भलेच करतात.

नंतर नजर धूसर झाली, तर नुसता चष्मा बदलू नका. टोपोग्राफी पुन्हा करा. वेळीच कळले तर क्रॉस-लिंकिंगने फुगणे बहुधा थांबते. गेलेली नजर मात्र त्याने पूर्ण परत येत नाही. फारच उशीर झाला, तर कुणाच्या तरी नेत्रदानाची वाट पाहावी लागते.