युद्धाच्या फोटोचाही सातबारा असतो! खोटा फोटो पकडतात तरी कसा?

मे २०२५ मधल्या त्या रात्री आठवा. ७ मेच्या पहाटे ऑपरेशन सिंदूर झालं आणि गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो-व्हिडिओंचा पूर आला. गुजरातच्या हजिरा बंदरावर हल्ला, जालंधरवर ड्रोन, कराची बंदराची राखरांगोळी, असं एकामागून एक येत होतं. ज्या घरातला पोरगा फौजेत आहे, त्या घरात कुणाचा डोळा लागत नव्हता.

पुढं निघालं काय? हजिराचा म्हणून फिरलेला व्हिडिओ २०२१ सालच्या तेलाच्या टँकरच्या स्फोटाचा होता. जालंधरचा व्हिडिओ शेतात लागलेल्या आगीचा होता. त्या व्हिडिओवर वेळ होती संध्याकाळी ७ वाजून ३९ मिनिटं आणि ड्रोन हल्ला सुरू झाला होता त्यानंतर. केंद्र सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेकनं हे दोन्ही उघडे पाडले. आणि कराचीचा? तो अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात जानेवारी २०२५ मध्ये विमान कोसळलं, तिथल्या आगीचा होता. म्हणजे खोटं दोन्हीकडून चाललं होतं. आपल्याला आवडणारं खोटं आपणही पुढं ढकललंच.

हे पकडतात कोण आणि कसं, ते समजून घेण्यासाठी थोडं मागं जावं लागेल.

बैरुतचा धूर

२००६ साली इस्रायल आणि लेबनॉनमधल्या हिजबुल्ला संघटनेत ३४ दिवस युद्ध झालं. ५ ऑगस्टला रॉयटर्स या मोठ्या वृत्तसंस्थेनं बैरुत शहराचा एक फोटो जगभर पाठवला. इस्रायली विमानांच्या हल्ल्यानंतर शहरावर उठलेले काळेकुट्ट लोट त्यात होते. फोटोग्राफर होते अदनान हज.

अमेरिकेत वेबसाइट चालवणारे चार्ल्स जॉन्सन आणि त्यांच्या वाचकांनी तो फोटो मोठा करून पाहिला. धुराचे गोळे एकासारखे एक, साच्यातून काढल्यासारखे. वाऱ्यावर जाणारा धूर असा कधी उठत नाही. फोटोशॉपमध्ये धुराचा एक तुकडा उचलून शेजारी पुन्हा पुन्हा चिकटवला होता. दुसऱ्याच दिवशी रॉयटर्सनं फोटो मागं घेतला.

मग लोकांनी याच फोटोग्राफरचे आधीचे फोटो तपासायला घेतले. एका फोटोत इस्रायली विमान क्षेपणास्त्रं सोडताना दाखवलं होतं. प्रत्यक्षात विमानानं बचावासाठी एक फ्लेअर, म्हणजे जळती नळी, सोडली होती. तिच्याच नकला करून तीन केल्या होत्या. रॉयटर्सनं त्यांच्याबरोबरचं काम थांबवलं आणि त्यांचे ९२० फोटो विक्रीतून काढले. आपण फक्त धुळीचे डाग पुसत होतो, असं हज यांचं म्हणणं होतं.

चौथं क्षेपणास्त्र, आणि खेळातलं युद्ध

जुलै २००८ मध्ये इराणनं क्षेपणास्त्रांची चाचणी केली. चार क्षेपणास्त्रं एकदम उडताना दिसणारा फोटो जगातल्या मोठमोठ्या वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर झळकला. पण त्याच ठिकाणचा दुसरा फोटो समोर आला आणि त्यात उडालेली होती तीनच. चौथं बाकीच्यांच्या धुरा-धुळीचे तुकडे जोडून तयार केलेलं. फोटो वाटणाऱ्या एएफपी या वृत्तसंस्थेलाही तो मागं घ्यावा लागला.

२०१७ च्या नोव्हेंबरात तर कमालच झाली. अमेरिका सीरियात इसिसच्या अतिरेक्यांना साथ देत असल्याचा ‘पक्का पुरावा’ म्हणून रशियाच्या संरक्षण मंत्रालयानं काही फोटो टाकले. त्यातला एक निघाला मोबाइल गेमचा! गेम खेळणाऱ्यांनी आणि फोटो तपासणाऱ्या हौशी मंडळींनी काही तासांत तो ओळखला. मंत्रालयानं फोटो काढून टाकले आणि चूक एका कर्मचाऱ्यावर ढकलली.

यातलं गुपित एवढंच. एकट्या माणसाला सगळं माहीत नसतं. पण हजार माणसं एकच फोटो बघतात, तेव्हा कुणी त्या शहरात राहिलेलं असतं, कुणी फौजेत असतं, कुणाला फोटोशॉप येतं, कुणी तो गेम रोज खेळत असतं. एकाची शंका, दुसऱ्याचा पुरावा, असं करत खोटं बाहेर पडतं.

पण गर्दीही चुकते

त्याच २००६ च्या युद्धात ३० जुलैला लेबनॉनमधल्या काना गावात एका इमारतीवर बॉम्ब पडला. २८ जणांचा जीव गेला, त्यात निम्म्याहून जास्त लहान मुलं. ढिगाऱ्यातून मुलांचे देह काढणाऱ्यांचे फोटो आले, तेव्हा काही वेबसाइटवाल्यांनी हे सगळं नाटक असल्याचा आरोप केला. तिथं आपले फोटोग्राफर हजर असलेल्या तिन्ही मोठ्या वृत्तसंस्थांनी तो आरोप फेटाळला. पण आठवडाभरात बैरुतचा फोटो खोटा निघाला आणि काना खोटं म्हणणाऱ्यांना जोर चढला.

खोट्या फोटोचं खरं नुकसान इथं आहे. बैरुतवर बॉम्ब खरंच पडले होते, धूर खरा होता. त्या युद्धात लेबनॉनमध्ये हजाराहून अधिक आणि इस्रायलमध्ये दीडशेहून अधिक माणसं गेली. धूर चार बोटं वाढवला आणि मेलेल्या लेकरांच्या खऱ्या फोटोवरही लोक संशय घ्यायला लागले. दुधात पाणी एकानं घातलं तरी सगळ्या डेअरीचं नाव जातं, तसलाच प्रकार.

म्हणून ‘मला खोटं वाटतंय’ हा पुरावा नाही. सारखे धुराचे गोळे, दुसरा फोटो, जुनी तारीख, असं बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे.

आपण काय करायचं?

जमीन घेताना आपण सातबारा बघतो, मागचे फेरफार काढतो. फोटोचंही तसंच करायचं.

१. फोटो गुगल लेन्समध्ये टाका. तोच फोटो आधी कुठं आला होता, ते बहुतेक वेळा समोर येतं. व्हिडिओ असेल तर तो थांबवून स्क्रीनशॉट घ्या आणि तो टाका. जुनी तारीख सापडली की विषय संपला.

२. फोटो मोठा करून बघा. दुकानाच्या पाट्या कुठल्या भाषेत आहेत? गाड्यांच्या नंबरप्लेट कुठल्या? सावली, झाडं, रस्ता त्या ठिकाणाशी जुळतात का? घड्याळातली वेळ बातमीशी जुळते का?

३. त्याच घटनेचा दुसऱ्या बाजूनं काढलेला फोटो आहे का? एवढी मोठी घटना झाली आणि फोटो एकच, तर थांबा. एआयनं तयार केलेल्या नव्या फोटोला हाच उपाय, कारण त्याचा जुना माग लेन्समध्येही मिळत नाही.

४. मेसेजवर दोन बाणांची खूण असेल, तर तो आधीच बऱ्याच जणांकडून फिरून आलाय. पाठवणारा ओळखीचा आहे म्हणून फोटो खरा ठरत नाही. त्याला कुणी पाठवला, हे विचारा.

५. काहीच सापडलं नाही, तर खरा म्हणू नका आणि खोटाही म्हणू नका. फक्त पुढं पाठवू नका.

एवढं करायला पाच मिनिटं लागतात. पुढच्या वेळी सीमेवर काही झालं, तर फॉरवर्डच्या बटनावर बोट ठेवण्याआधी गावातलं ते घर आठवा, ज्यांचा पोरगा तिकडं आहे आणि ज्यांच्या मोबाइलवर तुमचा मेसेज पोहोचणार आहे.