पाहुण्या तुकड्याचे हुकूम

१९२१चा वसंत, जर्मनीतलं फ्रायबर्ग. हिल्डे मँगोल्ड न्यूटचे, म्हणजे बेडकाच्या एका शेपटीवाल्या भाईबंदाचे, गर्भ सूक्ष्मदर्शकाखाली हाताळत होत्या. एका फिकट गर्भात पेशी जिथून आत वळतात, त्या भेगेवरच्या ओठाचा इवलासा तुकडा त्यांनी गडद गर्भाच्या कुशीत बसवला. तिथे कातडी व्हायची होती. झाली मेंदू-मज्जारज्जू घडवणारी दुसरी मज्जानलिका. जणू चिकटलेलं जुळंच!

गंमत अशी, की या नलिकेतल्या बहुतेक पेशी गडद, यजमानाच्याच होत्या. पाहुण्याने नुसते हुकूम सोडले.

ते हुकूम कित्येक दशकांनी सापडले. ‘बीएमपी’ ही प्रथिनं बाहेरच्या थरातल्या पेशींना ‘कातडी व्हा’ म्हणतात. ओठाकडून येणारी कॉर्डिन, नॉगिन ही प्रथिनं बीएमपीला वाटेतच धरतात. निरोप पोचला नाही, की पेशी मज्जासंस्थेकडे वळतात.

फ्रायबर्गच्या या शोधासाठी १९३५चं नोबेल हिल्डे यांचे गुरू हान्स श्पेमान यांना मिळालं. हिल्डे १९२४मध्येच, पंचविसाव्या वर्षी, भाजून मरण पावल्या होत्या.