सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे आजार – लेखांक ६ : अस्तराची इजा रक्तात दिसते का?

रेनॉच्या आजारात थंड पाण्यात हात घातला की बोटे पांढरी पडतात, मग निळी, मग लाल होतात, हे मागच्या लेखांकात पाहिले. बहुतेकांचे दुखणे तेवढ्यावरच थांबते. काहींच्या बाबतीत मात्र ती स्क्लेरोडर्माची पहिली चाहूल असते. त्यांची कातडी घट्ट होऊ लागण्याच्या कितीतरी आधी बारीक रक्तवाहिन्यांचे अस्तर बिघडू लागलेले असते. मग ते रक्त तपासून कळणार नाही का?

या अस्तराच्या पेशींत लांबट पुड्या असतात. वायबेल आणि पालाडे या शास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये त्यांचे वर्णन केले. त्यांत फॉन विलेब्रँड फॅक्टर नावाचे लांबलचक प्रथिन गुंडाळून ठेवलेले असते. पेशी दुखावली की पुडी उघडते, प्रथिन रक्तात येते आणि प्लेटलेट्स त्याला चिकटतात. हे प्रथिन कमी पडले तर रक्त लवकर थांबत नाही. फिनलंडच्या एरिक फॉन विलेब्रँड यांनी १९२६ मध्ये ऑलंड बेटांवरच्या एका कुटुंबात हाच आजार नोंदवला होता. स्क्लेरोडर्मात उलट ते वाढलेले आढळते.

पण ते तापातही वाढते, गरोदरपणात वाढते, वयानुसारही वाढते. शिवाय ओ रक्तगट असलेल्यांत ते मुळातच सुमारे पाव हिश्श्याने कमी असते. त्यामुळे रिपोर्टातला ‘नॉर्मल’ आकडा ओ गटाच्या बाईसाठी कदाचित वाढलेलाच असेल. अस्तरातूनच रक्तात येणाऱ्या ई-सिलेक्टिन, अँजिओपॉएटिन-२ या प्रथिनांचीही हीच अडचण. रुग्णांच्या मोठ्या गटाची सरासरी काढली तर फरक दिसतो, एकट्या माणसाचे निदान त्यावरून होत नाही. निदानासाठी या तपासण्यांवर पदरचे पैसे घालू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. १९८८ मध्ये जपानात सापडलेल्या, रक्तवाहिन्या आकसवणाऱ्या एंडोथेलिनची मोजणीही निदानाच्या कामी आली नाही. त्याला अडवणारे बोसेंटन हे औषध मात्र आले, आणि बोटांवर नव्या जखमा होऊ नयेत म्हणून आज ते दिले जाते.

खरा उपयोग होतो तो शरीराच्या स्वतःच्याच पेशींविरुद्ध बनणाऱ्या प्रतिपिंडांचा, म्हणजे अँटी-सेंट्रोमिअर, एससीएल-७० वगैरेंचा. कॅनडातल्या संशोधकांनी रेनॉच्या ५८६ रुग्णांचा पाठपुरावा करून २००८ मध्ये निष्कर्ष मांडले. ज्यांच्यात सुरुवातीलाच ही प्रतिपिंडे होती आणि नखाच्या मुळाशी केशवाहिन्याही बिघडलेल्या होत्या, त्यांच्यापैकी सुमारे ८० टक्क्यांना पुढे स्क्लेरोडर्मा झाला. दोन्ही नसलेल्यांत हे प्रमाण २ टक्क्यांहूनही कमी होते. ही नखाची तपासणी पुढच्या आठवड्यात पाहू.

स्क्लेरोडर्माचे निदान झालेल्यांसाठी हृदयातून रक्तात येणारे एनटी-प्रोबीएनपी महत्त्वाचे. फुफ्फुसाच्या धमन्यांतला दाब वाढून हृदयावर ताण आला की ते वाढते. मूत्रपिंड बिघडले तरी वाढते, म्हणून क्रिएटिनिन सोबत बघावे. आणि पूर्वी जिना चढताना लागत नव्हती ती धाप आता लागत असेल, तर हा आकडा नॉर्मल आला म्हणून गप्प बसू नका. डॉक्टरांना हृदयाचा इको आणि फुफ्फुसांतून वायू रक्तात किती जातो हे मोजणारी डीएलसीओ तपासणी यांबद्दल स्वतःहून विचारा.