डब्यातला कोळी, दारातला कोळी

टॅरँट्युला म्हणजे थेराफोसिडी कुळातला जाडजूड, केसाळ कोळी. जगभरात या कुळाच्या हजाराहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. नाव मात्र उसने आहे. इटलीतल्या तारांतो शहराच्या परिसरात आढळणाऱ्या एका लांडगा-कोळ्याला पूर्वी हे नाव होते. पुढे युरोपीय प्रवाशांना अमेरिकेत तळहाताएवढे कोळी दिसले आणि तेच नाव त्यांना चिकटले. हे कोळी हवेत गोल जाळे विणत नाहीत. जमिनीतले बीळ किंवा झाडाची ढोली रेशमाने आतून सारवून ते दाराशी बसतात आणि जवळून जाणारे भक्ष्य झडप घालून पकडतात. बिळापासून फार दूर न जाण्याची ही सवयच त्यांना पाळीव प्राणी करून गेली, कारण उभे आयुष्य वीतभर जागेत काढणाऱ्या प्राण्याला डबाही पुरतो.

ठाकुर्लीसारख्या ठिकाणी या गोष्टीला वजन आहे. डोंबिवली आणि कल्याण यांच्या मधल्या या स्टेशनाभोवती रेल्वेच्या जुन्या चाळी होत्या. आता नव्वद फुटी रस्त्याच्या दोन्ही अंगांना उंच इमारती आहेत. घर दीड-दोन खोल्यांचे, माणसे सकाळच्या लोकलने बाहेर पडलेली. अशा घरात कुत्र्याचे हाल होतात आणि शेजाऱ्यांशी कुरबुरी होतात त्या वेगळ्याच. कोळ्याला फिरवून आणावे लागत नाही, तो ओरडत नाही, त्याचा वास येत नाही. आठवड्याला एखादा रातकिडा मिळाला की त्याचे भागते. गणपतीसाठी घर बंद करून आठ दिवस कोकणात गेले तरी पाण्याची वाटी भरलेली असली म्हणजे पुरे.

मात्र सोपेपणाचा हा हिशेब वर्षांच्या संख्येपाशी चुकतो. टॅरँट्युलाची मादी पंधरा-वीस वर्षे सहज जगते, काही जातींत त्याहून अधिक. टॅरँट्युलाच्या नात्यातल्या, झडपेच्या बिळात राहणाऱ्या एका ऑस्ट्रेलियन मादीवर संशोधकांनी तिच्या जन्मापासून लक्ष ठेवले होते. ‘नंबर १६’ या नावाने ओळखली जाणारी ती कोळीण ४३ वर्षे जगली. नराचे आयुष्य त्या मानाने अगदी थोडे. वयात आल्यावर तो खाणे जवळपास सोडतो, मादीच्या शोधात भटकतो आणि बहुतेकदा वर्षा-दोन वर्षांत मरतो. दहावीतल्या मुलाने हौसेने आणलेले पिल्लू मादी निघाले, तर ते त्याच्या लग्नापर्यंत घरात असू शकते. आणण्याआधी घरातल्यांशी बोलायचे ते एवढ्यासाठी.

या प्राण्याच्या संगोपनात सर्वांत नाजूक वेळ कात टाकण्याची. कोळ्याचा सांगाडा बाहेरून असतो. तो ताणत नाही, म्हणून वाढायचे तर जुने कवच उतरवावेच लागते. पिल्ले वर्षातून अनेकदा कात टाकतात, मोठी मादी वर्षा-दीड वर्षातून एकदा. त्याआधी काही दिवस, कधी काही आठवडेही, कोळी खाणे सोडतो आणि रंगाने मंद होतो. मग एके दिवशी तो चक्क उताणा पडलेला दिसतो. पाळणाऱ्याच्या हातून चूक होते ती इथे. कोळी मेला असे समजून त्याला हलवले, उलटे केले, पाणी ओतले, तर तो खरोखर मरतो. मेलेला टॅरँट्युला सहसा उताणा पडत नाही. पाय पोटाखाली आक्रसून तो पालथाच राहतो. कात टाकताना पायांवरून, विषदंतांवरून, अगदी पुस्तकाच्या पानांसारख्या रचनेच्या फुप्फुसांच्या आतूनही जुने अस्तर निघून येते. त्यानंतर विषदंत पांढरे आणि मऊ असतात. ते काळे, टणक होईपर्यंत डब्यात जिवंत रातकिडा ठेवायचा नाही, कारण या दिवसांत भक्ष्यच शिकाऱ्याला कुरतडते.

दुसरा धोका पडण्याचा. जमिनीवर राहणाऱ्या जातींचे पोट पाण्याने भरलेल्या पातळ पिशवीसारखे असते. हातावर घेतलेला कोळी कमरेइतक्या उंचीवरून खाली पडला तरी ते फुटू शकते. म्हणून डबा उंच नको आणि तळाला कोकोपीटचा जाड थर हवा. हातावर घेऊन फोटो काढण्याने कोळ्याला काहीही मिळत नाही. तो माणसाळत नाही, फार तर दुर्लक्ष करतो.

थंड देशांत या कोळ्यांसाठी उबेची सोय करावी लागते. खाडीकाठच्या हवेत तो खर्च नाही, इथली अडचण उलट बाजूची. जून ते सप्टेंबर हवेतला ओलावा इतका असतो की बंद डब्यात बुरशी आणि बारीक किडे माजतात. त्या दिवसांत पाणी शिंपडण्यापेक्षा हवा खेळती ठेवणे महत्त्वाचे. मे महिन्यात पश्चिमेच्या खिडकीतला डबा दोन तासांत भट्टी होतो. सर्वांत मोठा शत्रू तर घरातच असतो. डास मारण्याची यंत्रे, अगरबत्त्या, झुरळांचे फवारे यांतली बहुतेक औषधे पायरेथ्रॉइड गटातली असतात. ती कीटकांच्या मज्जासंस्थेवर काम करतात आणि कोळ्यालाही सोडत नाहीत. डेंग्यूच्या दिवसांत पालिकेची धूरफवारणीची गाडी गल्लीत आली की खिडक्या लावून डबा आतल्या खोलीत हलवावा लागतो. अंगणातून पकडलेले रातकिडे किंवा स्वयंपाकघरातली झुरळे खायला घालणेही याच कारणाने घातक. ती औषध खाल्लेली असू शकतात.

चावण्याविषयीची भीती अर्धी खोटी, अर्धी खरी. टॅरँट्युलाच्या चाव्याने माणूस दगावल्याची खात्रीलायक नोंद नाही. पण सगळे टॅरँट्युला सारखेही नव्हेत. अमेरिका खंडातल्या पुष्कळ जातींच्या पोटावर सुटणारे खाजरे केस असतात. संकटात त्या मागच्या पायांनी हे केस उडवतात. ते डोळ्यात गेले तर बुबुळात रुततात आणि महिनोनमहिने त्रास देतात. आशिया आणि आफ्रिकेतल्या जातींना हे शस्त्र नाही. त्यामुळे त्या आधी पवित्रा घेतात, मग चावतात आणि त्यांचे विष अधिक जहाल असते. पेसिलोथेरिया या प्रजातीच्या चाव्याने स्नायूंत तीव्र पेटके येतात, ते कधी काही दिवसांनी परत उसळतात. ही प्रजाती फक्त भारत आणि श्रीलंकेत सापडते. म्हणजे जगभरातले पाळणारे ज्या कोळ्याला जपून हाताळायला सांगतात, तो आपल्याकडचा.

आणि तो देखणाही आहे. पेसिलोथेरिया रेगॅलिस सह्याद्रीच्या जंगलात झाडांच्या ढोलीत राहते. पाठ राखाडी, सालीत मिसळून जाणारी, पण डिवचल्यावर पुढचे पाय उचलले की त्यांच्या खालचा पिवळाधमक रंग झळकतो. तिचे वर्णन १८९९ मध्ये रेजिनाल्ड इनेस पोकॉक या ब्रिटिश शास्त्रज्ञाने केले. ब्रिटिश म्युझियममध्ये काम करणाऱ्या पोकॉकपर्यंत भारतातले नमुने पोहोचत, ते इथे नोकरीला असलेल्या हौशी संग्राहकांकडून. १८८३ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्याने भारतातल्या नव्या कोळी-विंचवांची वर्णने छापली आणि १९०० मध्ये ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या मालेतला अष्टपादांचा खंड लिहिला. त्यानंतर या कोळ्यांकडे कितीतरी दशके फारसे कोणी पाहिले नाही. मुंबईच्या आरे दूध वसाहतीतल्या हेटेरोफ्रिक्टस आरेएन्सिस या टॅरँट्युलाला शास्त्रीय नाव मिळाले ते २०१४ मध्ये, झीशान मिर्झा आणि राजेश सानप यांच्या कामातून. महानगराच्या हद्दीतला एवढा मोठा कोळी तोवर विज्ञानाला अनोळखी होता.

पोकॉकने त्याच १८९९ साली वर्णिलेली पेसिलोथेरिया मेटॅलिका ही निळ्या रंगाची जात तर या छंदाचा सगळा इतिहास सांगते. तिचा नमुना आंध्रातल्या गुत्ती या रेल्वेच्या गावात मिळाला आणि पुढे शतकभर ती कोणाला दिसली नाही. २००१ मध्ये ती नंद्याल आणि गिद्दलूर यांच्या मधल्या जंगलात सापडली, गुत्तीपासून शंभर किलोमीटरवर. गुत्तीचा नमुना बहुधा रेल्वेने आलेल्या लाकडातून तिथे उतरला असावा. पुन्हा शोध लागल्यावर काही वर्षांतच ती युरोप-अमेरिकेतल्या विक्रेत्यांच्या यादीत झळकली. २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने तिची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून केली, कारण तिचे ज्ञात जंगल शंभर चौरस किलोमीटरहूनही लहान होते आणि तेही तुटत चालले होते. परदेशात आज तिची पैदास डब्यांत मोठ्या प्रमाणावर होते, पण मूळ जोड्या याच जंगलातून गेल्या. वयात यायला काही वर्षे घेणाऱ्या आणि दशकभर पिल्ले देऊ शकणाऱ्या माद्या उचलल्या की तो तुकडा रिकामा होतो. ढोल्या फोडून कोळी काढले तर पुढच्या पिढीचे घरही जाते.

या व्यापाराला कायद्याची वेसण उशिरा बसली. साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात संपूर्ण पेसिलोथेरिया प्रजाती २०१९ मध्ये आली. मेक्सिकोकडची ब्रॅकिपेल्मा त्यात १९९० च्या दशकापासूनच होती. भारतात वन्यजीव (संरक्षण) कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि साइट्सच्या परिशिष्टांतल्या प्राण्यांसाठी चौथी अनुसूची तयार झाली. अशा प्राण्याची नोंदणी परिवेश संकेतस्थळावर करणे २०२४ च्या नियमांनी बंधनकारक केले आहे. विक्रेत्याने ‘कागद नंतर देतो’ असे म्हटले की व्यवहार तिथेच थांबवावा. जुलै २०२० मध्ये चेन्नई विमानतळावर पोलंडहून आलेल्या टपालात चंदेरी कागद आणि कापसात गुंडाळलेल्या प्लॅस्टिकच्या कुप्यांत १०७ जिवंत कोळी सापडले. परवाना नव्हता, त्यामुळे ते परत पाठवले गेले. आपल्या जंगलातून युरोपात गेलेल्या हौसेची ही उलटी वाट.

कोळ्यांबरोबर विंचू पाळण्याचाही मोह होतो, पण विंचवांबाबत कोकणाला वेगळी आठवण आहे. हॉटेनटॉटा टॅमुलस हा लाल विंचू जगातल्या घातक विंचवांपैकी एक. एकेकाळी त्याचा दंश झालेल्या रुग्णांपैकी जवळपास तीस टक्के दगावत. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी प्राझोसिन हे औषध वापरून हे प्रमाण एखाद्या टक्क्यावर आणले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. हा विंचू घरात ठेवण्याचे समर्थन कोणत्याही हौसेने होत नाही. मोठी काळी इंगळी दिसायला भयंकर, पण तिचे विष सौम्य आणि भिस्त नांग्यांवर. पश्चिम महाराष्ट्रातल्या डेक्कनोमेट्रस फिप्सनी या जातीला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे एक आधारस्तंभ हर्बर्ट फिप्सन यांचे नाव आहे. ‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण अक्षरशः खरी आहे. मादी पिल्लांना जन्म देते आणि त्यांची पहिली कात पडेपर्यंत पाठीवर वागवते.

बाकीच्या अपृष्ठवंशी प्राण्यांत काडीकिडा हा शाळेसाठी सर्वांत उत्तम. भारतीय काडीकिडा दक्षिणेतल्या पळणीच्या डोंगरांतून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपात गेला आणि तिथल्या प्रयोगशाळांत, वर्गांत आजवर टिकला. त्याच्या माद्या नराशिवाय अंडी घालतात आणि त्यांतून माद्याच निघतात. शंखी गोगलगाय मात्र चुकूनही पाळू नये. ही आफ्रिकी गोगलगाय १८४७ मध्ये मॉरिशसहून कोलकात्यात आणून सोडली गेली. २०२२ च्या खरिपात मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांनी तिच्यापायी सोयाबीनची कोवळी रोपे गमावली. फ्लोरिडात तिच्या निर्मूलनाला दहा वर्षे लागली आणि पुढच्याच वर्षी ती पुन्हा सापडली. कंटाळा आला म्हणून उल्हास नदीकाठी सोडलेला एक प्राणी काय करू शकतो, याचे याहून मोठे उदाहरण नको. शंखात राहणारे जमिनीवरचे खेकडे निरुपद्रवी दिसतात, पण त्यांची पिल्ले समुद्रातच वाढतात. त्यामुळे दुकानातला जवळपास प्रत्येक खेकडा किनाऱ्यावरून उचललेला असतो. समुद्री टाकीतल्या जिवंत प्रवाळांना तर भारतात कायद्याने २००१ पासून वरच्या दर्जाचे संरक्षण आहे.

ठाकुर्लीच्या घरात कोळी पाहायचा तर सर्वांत योग्य प्राणी भिंतीवरच असतो, तो म्हणजे उडी मारणारा कोळी. लांबी जेमतेम सेंटिमीटरभर, आठ डोळ्यांपैकी पुढचे दोन मोठे. माणूस जवळ आला की तो अंग वळवून थेट त्याच्याकडे पाहतो. दुसरा कुठलाही कोळी इतके पाहत नाही. टॅरँट्युला दिवसच्या दिवस हलत नाही, हा दिवसभर शिकार करतो, आणि नर मादीपुढे पाय उचलून नाचतो. २०२१ मध्ये ठाणे-कल्याण परिसरातल्या संशोधनातून या गटातल्या दोन नव्या जाती जाहीर झाल्या. त्यांतल्या एकीला इसियस तुकारामी हे नाव दिले गेले. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यात हल्लेखोर कसाबला जिवंत पकडून देताना प्राण गमावलेले पोलीस अधिकारी तुकाराम ओंबळे यांचे ते स्मारक. रोज लाखो लोक जिथून लोकल पकडतात, त्या पट्ट्यातला हा कोळी.

असा कोळी काही आठवडे पाहायचा असेल तर दहा सेंटिमीटरची पारदर्शक डबी पुरते. तो झोपण्यासाठी रेशमाची पिशवी नेहमी वरच्या बाजूला विणतो. झाकण वर असले तर उघडताना ती पिशवी दर वेळी फाटते, म्हणून डबी उलटी ठेवून तळातून उघडायची. डबीच्या कडेला पाण्याचे दोन थेंब आणि दर दोन दिवसांनी एखादी लहान माशी एवढे त्याला पुरते. मादीने पिशवीत अंडी घातली तर ती राखण करत बसते. पिल्ले बाहेर पडू लागली की डबी खिडकीतल्या कुंडीत उघडी ठेवावी. उरलेले काम ती स्वतः करतात, एकेक करून, रेशमाच्या धाग्यावर.