हिऱ्यातला क्यूबिट: पवई ते खमरिया

पवईच्या आयआयटी मुंबईत विद्युत अभियांत्रिकीच्या प्रा. कस्तुरी साहा यांचा 'पी-क्वेस्ट' नावाचा संशोधन गट हिऱ्यांवर काम करतो. अंगठीत बसवण्याचे हे हिरे नव्हेत. प्रयोगशाळेत वाढवलेल्या हिऱ्याचा, काही मिलिमीटर रुंदीचा तुकडा त्यांना पुरतो. त्यावर हिरवा लेसर टाकला की तो लाल उजळतो, आणि त्या लाल प्रकाशातल्या बारीक चढउतारांवरून जवळचे चुंबकीय क्षेत्र मोजता येते. याच तत्त्वावर या गटाने घडवलेला क्वांटम डायमंड मायक्रोस्कोप नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या 'एस्टिक' परिषदेत देशासमोर आला. भारतात तयार झालेला असा हा पहिला सूक्ष्मदर्शक, आणि या क्षेत्रातले देशातले पहिले पेटंटही याच गटाच्या नावावर आहे.

इथे चुंबकीय क्षेत्राची चाहूल लागते ती इलेक्ट्रॉनच्या स्पिनला, म्हणजे त्याच्या अंगभूत चुंबकीय गुणाला. हाच स्पिन क्वांटम संगणकाचा क्यूबिट, म्हणजे माहितीचा मूळ घटक, म्हणूनही वापरता येतो. एकेका स्पिनवर ताबा मिळवण्याची विद्या गेल्या तीस वर्षांत चांगलीच पक्की झाली आहे. असे हजारो स्पिन एकत्र आणून त्यांचा संगणक करणे मात्र अजून जमलेले नाही. त्यातल्या पुष्कळ अडचणी घडणीच्या आहेत, कारागिरीच्या आहेत, आणि म्हणूनच आपल्याकडच्या तंत्रशाळांना त्यात मोठे काम आहे.

दोष हाच कामाचा

हिरा म्हणजे कार्बनच्या अणूंची अतिशय घट्ट, नियमित रचना. तिच्यात एखाद्या कार्बनच्या जागी नायट्रोजनचा अणू आला आणि त्याच्या लगतची जागा रिकामी राहिली, तर त्या जोडगोळीला एनव्ही सेंटर म्हणतात. या जागी एक जादा इलेक्ट्रॉन आला की तिथल्या इलेक्ट्रॉनांचा मिळून जो स्पिन बनतो त्याला तीन अवस्था असतात: शून्य, अधिक एक आणि उणे एक. बाहेरचे चुंबकीय क्षेत्र नसेल तर शून्य आणि बाकीच्या दोन अवस्थांमध्ये २.८७ गिगाहर्ट्झचे अंतर असते. घरातल्या वायफायच्या लहरीही साधारण याच पट्ट्यात येतात, म्हणजे स्पिन हलवायला लागणारी साधने ओळखीच्या मायक्रोवेव्ह तंत्रातली आहेत.

निसर्गाने इथे आणखी एक सोय करून ठेवली आहे. ५३२ नॅनोमीटरचा हिरवा लेसर मारला की हा स्पिन आपोआप शून्य अवस्थेत येतो. म्हणजे क्यूबिटची पाटी कोरी झाली. पुन्हा तोच लेसर मारला की परतणाऱ्या लाल प्रकाशावरून अवस्था कळते: शून्य असेल तर प्रकाश जास्त, एक असेल तर सुमारे तीस टक्के कमी. लिहायला मायक्रोवेव्ह, वाचायला प्रकाश, आणि हे सगळे साध्या खोलीच्या तापमानाला. अतिवाहक क्यूबिटना निरपेक्ष शून्याच्या वर अंशाच्या शंभराव्या भागाइतक्या थंडीत ठेवावे लागते. हिऱ्याची जाळी इतकी ताठर असते की नेहमीच्या तापमानालाही तिची थरथर स्पिनला फारशी त्रास देत नाही.

रामन, अॅना मणी आणि हिऱ्यांची लाली

हिऱ्याच्या उजळण्याचा अभ्यास आपल्याकडे जुना आहे. सर सी. व्ही. रामन यांना हिऱ्यांचे विलक्षण वेड होते. बंगळुरूच्या त्यांच्या प्रयोगशाळेत अॅना मणी १९४० मध्ये दाखल झाल्या आणि त्यांनी तीसहून अधिक हिऱ्यांच्या प्रकाशाचे वर्णपट नोंदवले. हिरे थंड करायचे, फोटोच्या काचेवर पंधरा-वीस तास प्रकाश पडू द्यायचा, रात्री प्रयोगशाळेतच काढायच्या, असे ते काम होते. १९४२ ते १९४५ या काळात हिरे-माणकांच्या प्रकाशावर त्यांचे पाच शोधनिबंध निघाले. एम.एस्सी. नाही या कारणाने मद्रास विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली नाही. पुढे १९४८ मध्ये त्या पुण्याच्या हवामान खात्यात आल्या आणि देशाला लागणारी हवामानाची उपकरणे देशातच घडवण्याचे काम त्यांनी उभे केले. स्फटिकाचा अभ्यास आणि उपकरणाची घडण ही दोन्ही कामे एकाच व्यक्तीने केल्याचे इतके चांगले उदाहरण आपल्या विज्ञानात क्वचितच सापडेल.

नायट्रोजन आणि रिकामी जागा यांच्या जोडीचा प्रकाश ६३७ नॅनोमीटरच्या रेषेने ओळखतात. या केंद्राची रचना १९७० च्या दशकात उलगडली. खरी कलाटणी मिळाली १९९७ मध्ये. जर्मनीतल्या केम्निट्झला योर्ग व्राख्ट्रुप आणि सहकाऱ्यांनी एकटे, सुटे एनव्ही सेंटर सूक्ष्मदर्शकाखाली पकडले आणि त्याचा स्पिन प्रकाशातून वाचला. एका अणूएवढ्या जागेवर बोट ठेवता येते, हे त्या दिवसापासून सिद्ध झाले.

ताबा कसा मिळतो

हिऱ्याजवळ केसाएवढी तार किंवा छोटा अँटेना ठेवतात. त्यातून नेमक्या वारंवारितेची मायक्रोवेव्ह सोडली की स्पिन शून्याकडून एककडे आणि परत असा झुलू लागतो. ही लहर किती वेळ चालू ठेवायची यावर सगळे अवलंबून. शून्याचा पूर्ण एक करायला पन्नास नॅनोसेकंद लागत असतील, तर पंचवीसला थांबल्यावर तो दोन्हींच्या मिश्र अवस्थेत सापडतो. सेकंदाच्या अब्जाव्या भागाचे हे घड्याळकाम चुकले की गणित चुकले.

दुसरी लढाई विस्मरणाशी आहे. हिऱ्यातले दर शंभर कार्बन अणूंमागे साधारण एक कार्बन-१३ असतो. त्याच्या केंद्रकालाही स्पिन असतो आणि तो आपल्या क्यूबिटच्या कानाशी सतत गुणगुणत राहतो. त्यावरचा एक उपाय अर्विन हान यांनी १९५० मध्ये शोधलेल्या 'एको' युक्तीतून आला. शाळेच्या मैदानावर वेगवेगळ्या चालीने धावणाऱ्या मुलांना मध्येच शिट्टी वाजवून उलटे फिरवले, तर सगळी एकाच वेळी सुरुवातीच्या रेषेवर पोचतात. मधल्या काळात मायक्रोवेव्हचा एक ठोका देऊन स्पिनलाही तसेच उलटवतात, आणि सावकाश साचलेली चूक आपोआप पुसली जाते. असे ठोके मालिकेने देत राहिले की स्पिनची स्मृती आणखी लांबते. दुसरा उपाय म्हणजे कार्बन-१३ काढून टाकलेला हिराच वाढवणे. २००९ मध्ये गोपालकृष्णन बालसुब्रमण्यन आणि सहकाऱ्यांनी अशा हिऱ्यात खोलीच्या तापमानाला १.८ मिलिसेकंदांची स्मृती मिळवली. एका क्रियेला नॅनोसेकंद लागत असतील, तर एवढ्या वेळात हजारो क्रिया उरकतात.

पण त्रास देणारा हाच कार्बन-१३ कामालाही लावता येतो. इलेक्ट्रॉनच्या मदतीने जवळच्या केंद्रकांचे स्पिन हाताळून त्यांना साठवणीची जागा करता येते. २०१२ मध्ये हार्वर्डच्या गटाने असा केंद्रकस्पिन खोलीच्या तापमानाला एक सेकंदाहून अधिक टिकवला. २०१९ मध्ये नेदरलँड्सच्या डेल्फ्टमध्ये एका एनव्ही सेंटरभोवती दहा क्यूबिट एकत्र बांधले गेले, आणि त्यातल्या एकाची स्मृती मिनिटापर्यंत पोचली. २०२२ मध्ये तिथेच हिऱ्यातल्या क्यूबिटांवर चूक शोधून सावरण्याची तंत्रे प्रत्यक्ष चालवून दाखवली गेली. आता या क्यूबिटांवरच्या क्रियांची अचूकता ९९.९ टक्क्यांच्या पुढे गेली आहे.

संख्या कुठे अडते

मग दहाचे दहा हजार का होत नाहीत?

पहिली अडचण जागेची. दोन एनव्ही सेंटरनी एकमेकांशी थेट बोलावे असे वाटत असेल तर त्यांच्यात दहा-वीस नॅनोमीटरच अंतर हवे. अंतर दुप्पट झाले की त्यांच्यातल्या चुंबकीय ओढीचा जोर आठव्या हिश्श्यावर येतो. नायट्रोजनचे आयन हिऱ्यात मारून केंद्रे तयार करता येतात, पण आयन आत जाताना भरकटतो. शिवाय मारलेल्या प्रत्येक नायट्रोजनशेजारी रिकामी जागा येऊन बसेलच असे नाही. त्यासाठी हिरा निर्वातात आठशे अंशांच्या वर तापवतात, म्हणजे रिकाम्या जागा सरकत नायट्रोजनपाशी येतात. तरी उथळ थरांत त्याचे यश थोडेच असते.

दुसरी अडचण तारांची. २.८७ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी दहा सेंटिमीटर भरते. वीस नॅनोमीटरवरच्या दोन क्यूबिटांपेक्षा ती पन्नास लाख पट मोठी. एवढ्या रुंद लहरीने एकाला हलवून शेजारच्याला स्पर्शही होऊ द्यायचा नाही, यासाठी चुंबकीय क्षेत्राचा तीव्र उतार तयार करून प्रत्येकाची वारंवारिता वेगळी करावी लागते, किंवा लहरीचा आकार गणिताने बेतावा लागतो. शेकडो तारा जवळजवळ आणल्या की उष्णता आणि एकमेकींचा गोंगाट, दोन्ही वाढतात.

तिसरी अडचण प्रकाशाची. हिऱ्याचा अपवर्तनांक २.४ आहे; ज्या गुणामुळे दागिन्यात तो लखलखतो, त्याच गुणामुळे एनव्ही सेंटरचा बहुतेक प्रकाश आतच अडकतो. खोलीच्या तापमानाला एका वाचनात सरासरी एक फोटॉनही हाती लागत नाही, म्हणून तोच प्रयोग लाखो वेळा करून सरासरी काढावी लागते. एका झटक्यात खात्रीचे उत्तर हवे असेल तर हिरा चार केल्व्हिनच्या आसपास थंड करावा लागतो. डेल्फ्टचे मोठे प्रयोग अशाच थंडीतले आहेत. खोलीच्या तापमानाचा हिऱ्याचा दावा खरा आहे, पण तो प्रामुख्याने स्पिनच्या स्मृतीपुरता, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

यातून दोन वाटा निघाल्या. एक वाट फोटॉनांची: क्यूबिट दूर ठेवा आणि प्रकाशाने जोडा. २०१५ मध्ये डेल्फ्टने १.३ किलोमीटर अंतरावरचे दोन हिरे असे जोडून बेलच्या असमतेची, म्हणजे क्वांटम गुंतवणीची, तोवरची सर्वांत कडक परीक्षा घेतली, आणि २०२१ मध्ये तीन ठिकाणांचे जाळे विणले. दुसरी वाट खोलीच्या तापमानाचीच कास धरणारी. 'क्वांटम ब्रिलियन्स' या ऑस्ट्रेलियन-जर्मन कंपनीने २०२२ मध्ये पर्थच्या पॉसी महासंगणक केंद्रात हिऱ्याचा छोटा क्वांटम संगणक बसवला.

आपल्याकडचे चित्र

१९ एप्रिल २०२३ रोजी केंद्र सरकारने ६,००३.६५ कोटी रुपयांचे राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केले. त्यातले संगणनाचे केंद्र बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेकडे आहे, तर क्वांटम संवेदन आणि मापनाचे केंद्र आयआयटी मुंबईकडे. हिरा आपल्याकडे सध्या मुख्यतः मोजमापाच्या कामात पुढे आहे, आणि हा क्रम मला योग्य वाटतो. मोजमापाला एकाच वेळी असंख्य स्पिनांचा समूह चालतो. प्रत्येकाला वेगळे हाताळावे लागत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस आणि आयआयटी मुंबई यांनी चिप न फोडता तिच्यातले विद्युतप्रवाह बाहेरून पाहणारे हिऱ्याचे उपकरण बनवण्यासाठी हात मिळवले. हे उपकरण घडवताना लेसर, मायक्रोवेव्ह, हिरा आणि वेगवान इलेक्ट्रॉनिक्स यांवर जो हात बसेल, तोच उद्या क्यूबिटांच्या कामी येईल. पुण्याच्या आयसरमध्ये प्रा. टी. एस. महेश यांचा गट न्यूक्लियर मॅग्नेटिक रेझोनन्सने केंद्रकांचे स्पिन हाताळतो; ठोक्यांची विद्या तिथेही तीच.

हिरा वाढवण्याचे कसबही देशात आहे. सुरतेत मिथेन आणि हायड्रोजनच्या प्लाझ्मातून दागिन्यांसाठी हिरे वाढवतात, आणि २०२३ च्या अर्थसंकल्पानंतर आयआयटी मद्रासला प्रयोगशाळेतल्या हिऱ्यांसाठी पाच वर्षांचा २४२ कोटींचा प्रकल्प मिळाला. क्यूबिटाचा हिरा मात्र फार कडक मागणी करतो: त्यात नायट्रोजन अब्जात पाच अणूंपेक्षाही कमी हवा. व्यापारी हिऱ्यापासून या शुद्धतेपर्यंतचे अंतर आपल्याला कापायचे आहे.

घडणीच्या या कामासाठी आता जबलपूरच्या खमरियाकडे पाहू. हे नाव देशाला माहीत आहे ते दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उभ्या राहिलेल्या दारूगोळा कारखान्यामुळे. याच खमरियाच्या टपाली पत्त्यावर, डुमना विमानतळाच्या रस्त्याला, पंडित द्वारकाप्रसाद मिश्र यांच्या नावाची ट्रिपल-आयटीडीएम ही संस्था २००५ पासून आहे. माहिती तंत्रज्ञान, अभिकल्पन आणि निर्मिती या तिन्हींचा मेळ घालणारा अभियंता घडवावा, या हेतूने ती काढली गेली. हिऱ्यातल्या क्यूबिटाला नेमका असाच अभियंता हवा आहे. नॅनोसेकंद चुकू न देणारा पल्स जनरेटर, शेजाऱ्याला न छेडणारा मायक्रोवेव्ह अँटेना, तापमान बदलले तरी न हलणारी प्रकाशाची जुळणी, आणि हे सगळे एका पेटीत बसवणारी रचना: यातली प्रत्येक गोष्ट इलेक्ट्रॉनिक्स, यांत्रिकी आणि अभिकल्पन या विभागांनी एका टेबलाशी बसून करायची आहे.

हिऱ्याचा मोठा संगणक अमुक वर्षी तयार होईल, असे कोणी सांगितले तर त्यावर विश्वास ठेवू नये. अतिवाहक परिपथ, आयन आणि तटस्थ अणू यांच्या शर्यतीत क्यूबिटांच्या संख्येत हिरा आज मागे आहे. स्मृतीत, जाळे विणण्यात आणि मोजमापात तो पहिल्या रांगेत आहे. संख्येची कसर सिद्धांताने भरून निघणार नाही. ती घडणीनेच भरेल.

म्हणून महाराष्ट्रातल्या आणि मध्य प्रदेशातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांना एक विनंती. एनव्ही सेंटरने भरलेले औद्योगिक हिऱ्याचे चार कण, एक हिरवा लेसर, लाल प्रकाशाचा फिल्टर, एक फोटोडायोड आणि तीन गिगाहर्ट्झपर्यंत जाणारा मायक्रोवेव्ह स्रोत एवढ्यावर २.८७ गिगाहर्ट्झला लाल प्रकाश मंदावताना विद्यार्थ्यांना स्वतःच्या टेबलावर दाखवता येतो. हा प्रयोग पदवीच्या तिसऱ्या वर्षाला लावा. ज्यांनी तो हाताने केला असेल, त्यांच्यातूनच पुढचे क्यूबिट घडवणारे येतील.